भागवतला पाडणारा माणूस

जानराव कोणत्या पक्षाचा, असं चिंचटेकात कुणालाही विचारलं तर तो आधी हसायचा आणि मग सांगायचा, "भागवतले पाडा पार्टीचा." हे नाव गावानं ठेवलेलं नव्हतं. जानरावनं स्वतःच गिरणीवर बसल्या बसल्या कधीतरी ते म्हटलं होतं, आणि त्यात त्याला काही वावगंही वाटत नव्हतं.

मेडशीहून फाट्यानं चार किलोमीटर आत गेलं की चिंचटेक लागतं. हजार-बाराशे मतदारांचं गाव. भोवती सोयाबीन आणि तूर, मधे शाळेचं पटांगण, आणि पटांगणाच्या कोपऱ्यावर जानरावची पिठाची गिरणी. माणूस सदुसष्ट वर्षांचा, भुवयांवर कायम पीठ, आणि बोलणं इतकं मोठ्यानं की गिरणी बंद असली तरी पट्टा फिरतोय असं वाटावं. चार एकर शेत होतं, ते मुलगा हरीओम पाहायचा. घरात बायको प्रयागबाई आणि सून योगिनी.

भागवतशी त्याचं वैर उगाच नव्हतं. तीस वर्षांपूर्वी गावात पहिल्यांदा सार्वजनिक नळ आले, तेव्हा एक नळ जानरावच्या गल्लीत मंजूर झाला होता. भागवत तेव्हा नवा नवा सरपंच. त्यानं तो नळ स्वतःच्या गल्लीत वळवून घेतला. जानरावची आई मग पहिल्यासारखीच विहिरीवर जात राहिली, आणि एके दिवशी पायरीवरून घसरली. खुबा मोडला. दोन वर्षं खाटेवर काढून ती गेली. अंत्ययात्रेला भागवत आला होता, हात जोडून उभा होता. जानरावनं त्याच्याकडे पाठ केली ती कायमचीच.

तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत जानरावचा एकच सवाल असायचा, भागवत कोणीकडे आहे? ग्रामपंचायत असो, जिल्हा परिषद असो की विधानसभा. भागवत ज्याच्या गाडीत बसला, त्याला पाडू शकेल असा उमेदवार जानराव शोधायचा आणि डोळे मिटून त्याला मत द्यायचा. एकदा विधानसभेच्या आधी आठ दिवस भागवतनं पक्ष बदलला आणि नेमका जानरावच्या पक्षात आला. संध्याकाळी तालुक्याहून, मालेगावहून बातमी कळली. जानरावनं गळ्यातला दुपट्टा काढून गिरणीचं चाक पुसायला ठेवून दिला आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या पक्षाचा दुपट्टा मागून आणला. लोक हसले. तोही हसला.

भागवत कधी निवडून आला, कधी पडला. तो पडला की जानराव गावात गूळ वाटायचा. मात्र जो निवडून आला त्यानं पुढे पाच वर्षं काय केलं, हे त्यानं कधी विचारलं नाही. "पडला ना? बस!" एवढंच त्याचं समाधान असायचं.

योगिनी या घरात आली तेव्हा तिला याची गंमत वाटली होती. ती बी.ए. झालेली, बोलायला शांत. गावात आल्यावर तिनं बायकांचे बचत गट हाताशी घेतले. गावची नवी टाकी तीन वर्षं बांधून कोरडी उभी होती. योगिनी तीस बायकांना एसटीत बसवून मालेगावच्या तहसीलवर घेऊन गेली, तिथं दिवसभर बसली, आणि महिन्याभरात टाकीची मोटर आली. त्या दिवसापासून गावातल्या बायका तिला नावानं हाक मारेनाशा झाल्या, 'ताई' म्हणू लागल्या. वयानं आईएवढ्या बायकासुद्धा.

एकदा जेवताना ती जानरावला म्हणाली होती, "मामाजी, खरं सांगू? तुमचं मत तुमी देतच नाई. भागवतकाका ठरवते, तुमी फक्त बटन दाबता."

"म्हंजे?" जानरावचा घास हातात राहिला.

"तो डावीकडे गेला का तुमी उजवीकडे. मंग ठरवलं कोनं?"

जानरावला राग आला. प्रयागबाईनं विषय बदलला आणि जेवण पुढे झालं.

दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायत लागली. सरपंचाची जागा महिलांसाठी राखीव, आणि सरपंच थेट लोकांनी निवडायचा. गावात वर्षानुवर्षं दोन पॅनल. एक भागवतचं, दुसरं ग्यानबाचं. भागवतनं बायकोला, कमलीबाईला उभं केलं. ग्यानबानं सुनेला, निकिताला. आणि बचत गटाच्या बायकांनी मिळून योगिनीचा अर्ज भरला.

अर्ज भरायच्या आदल्या दिवशी योगिनी सासऱ्याच्या पाया पडली. जानरावनं डोक्यावर हात ठेवला, पण तोंडातून निघालं ते असं, "उभी राह्य बाई. पन मतं फुटतीन. तिघीत भागवतची निघून जाईन, पाह्यजो."

"नाई निघत, मामाजी. लोक कटाळले त्या दोघाईले."

यानंतर जानरावनं विरोध केला नाही. उलट योगिनीच्या सभेसाठी गिरणीचा ओटा झाडून दिला. हरीओमसोबत दोन गल्ल्या फिरलाही. गाव धरूनच चाललं होतं की या घरातली चारही मतं योगिनीच्या छत्रीला. चिन्ह छत्री होतं. निकिताला पतंग मिळाला होता, कमलीबाईला कपबशी.

मतदानाच्या दिवशी सकाळी घरातले तिघं मत देऊन आले. जानराव म्हणाला, मी गर्दी ओसरल्यावर जातो. दुपारी तो ओट्यावर बसला होता. ग्यानबाच्या पॅनलचा हरिसिंग मोटरसायकलवरून आला. सकाळपासून तो म्हाताऱ्या-कोताऱ्यांना केंद्रावर पोचवत होता. गाडी उभी करून तो जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "जानरावभाऊ, खेळ बिघडला. कमलीबाई निघाली."

जानराव ताठ झाला. "कोन म्हन्ते?"

"मी सकाळपासून दारावर हावो. खालच्या आळीचा गठ्ठा कपबशीवर पडला. निकिता टक्कर देऊन राह्यली, पन पाच-दहा मतांचा मामला हाय."

"अन् योगिनी?"

हरिसिंगनं मान हलवली. "वाईट नका वाटून घेऊ. तिचं डिपॉझिट बी राह्यत नाई."

तो गेला. जानराव तसाच बसून राहिला. भागवत गुलालात न्हालेला, शाळेपुढून मिरवणूक, गिरणीसमोर मुद्दाम थांबलेले ढोल, असं सगळं त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. चारच्या सुमाराला तो उठला, टोपी घातली आणि शाळेत गेला.

सरपंचपदाच्या यंत्रावर तीन चित्रं आणि खाली नोटा. छत्री मधे होती. जानरावचं बोट तिच्यावर गेलं, खरंच गेलं. मग त्याला वाटलं, हिचं तर डिपॉझिटही राहत नाही, हे मत वाया. घरातली तीन मतं तिला पडलीच आहेत. भागवतला अडवायचं तर पतंगच. त्यानं पतंगाचं बटण दाबलं. यंत्र वाजलं. बाहेर योगिनी बायकांच्या घोळक्यात उभी होती. त्याच्या बोटावरची शाई पाहून ती हसली. तोही हसला. आपण काही चुकीचं केलं असं त्याला तेव्हा वाटलं नाही.

मोजणी मालेगावला तहसीलवर होती. जानराव, हरीओम आणि योगिनी तिघंही गेले. बाहेर कापडी मंडप, चहाच्या गाड्या, प्रत्येक गावचे लोक आपापल्या घोळक्यात. चिंचटेकाचं नाव पुकारलं तेव्हा योगिनी आत गेली. भोंग्यावरून आकडे आले. सावकाश, एकेक करून.

कमलीबाई, एकशे त्र्याहत्तर.

जानरावला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. इतकी कमी? तो हरीओमचा दंड धरून म्हणाला, "पडली! भागवतची पडली!" त्याचा हात खिशात गेला, गुळासाठी. मग पुढचा आकडा आला.

योगिनी, चारशे अकरा.

घोळक्यातल्या बायका ओरडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. हरीओमनं डोळे मिटून घेतले होते.

निकिता, चारशे बारा.

क्षणभर कुणालाच समजलं नाही. मग पलीकडून गुलाल उडाला. योगिनीनं आत फेरमोजणी मागितली. अधिकाऱ्यानं यंत्रावरचे आकडे पुन्हा दाखवले. तेच होते.

हरीओम जमिनीवर बसला आणि बोटानं मातीत आकडे लिहू लागला. "एक मत, बाबा. पतंगातलं एकच मत जर छत्रीत असतं, तर उलटं झालं असतं. आपली चारशे बारा, त्यायची चारशे अकरा. एकच मानूस!"

जानराव त्या आकड्यांकडे पाहत उभा राहिला. त्याचे कान बधिर झाले होते. गुलाल, ढोल, लोकांची तोंडं, सगळं हलत होतं आणि आवाज कशाचाच येत नव्हता. तो मंडपाच्या खांबाला टेकला तेव्हा हरीओमला वाटलं, सून पडल्याचा धक्का बसला. त्यानं बापाला चहाच्या गाडीजवळ बसवलं. योगिनी बाहेर आली ती रडत नव्हती. उलट तिनंच सासऱ्याला पाणी दिलं. "जाऊ द्या मामाजी. तुमी जिवाले लावून घेऊ नका."

त्यानं ग्लास धरला आणि न पिताच गाडीवर परत ठेवला.

गावात पुढचे पंधरा दिवस एकच चर्चा, ते एक मत कुणाचं? बायकांनी मतदारयादी घेऊन एकेक नाव तपासलं. कोण आलं नाही, कोण बाहेरगावी होतं, कुणी शब्द दिला आणि फिरवला. योगिनी म्हणायची, सोडून द्या, पण कुणी सोडेना. आणि एके दिवशी प्रयागबाईचं बोट गंगूवर स्थिरावलं.

गंगू बुद्धविहारामागच्या वस्तीत राहायची. मजुरीला जायची, बचत गटात योगिनीसोबत पहिल्या दिवसापासून होती. गुडघे दुखतात म्हणून मतदानाला हरिसिंगच्या मोटरसायकलवर बसून गेली होती, आणि ते प्रयागबाईनं पाहिलं होतं. गंगू दळण घेऊन गिरणीवर आली तेव्हा प्रयागबाई ओट्यावरच उभी राहिली.

"गंगे, इथं कायले आली? हरिसिंगच्या गाडीवर बसून मेडशीले जा दळाले."

"काय झालं वो माय?"

"काय झालं इचारते! छत्री छत्री म्हणत फिरली अन् पतंग दाबून आली. तुह्याच मतानं बुडाली माही सून."

गंगूच्या डोक्यावरचा डबा तसाच राहिला. "बाप्पा! मी कायले दाबीन पतंग? गाडीवर बसली, गुडघे चालत नाई म्हणून. मत छत्रीलेच देल्लं. लेकीची आन."

"सारे असंच म्हणतात."

पाच-सहा बायका रांगेत होत्या. गंगूनं जानरावकडे पाहिलं. तो गिरणीच्या तोंडाशी उभा होता, हातात सूप. त्याला बोलायचं होतं. तोंड उघडलंही. पण त्यानं खाली वाकून गिरणी सुरू केली. गंगू डबा घेऊन परत गेली. त्यानंतर ती बचत गटाच्या बैठकीलाही येईनाशी झाली.

मग उपसरपंचाची निवड आली. सात सदस्यांमध्ये योगिनीच्या बाजूचे दोन निवडून आले होते, भागवतचे दोन, त्यातला एक तो स्वतः, आणि ग्यानबाचे तीन. दुपारी बातमी आली, ग्यानबाच्या लोकांनी भागवतला पाठिंबा दिला. भागवत उपसरपंच.

जानरावचा विश्वास बसेना. ज्या ग्यानबाला त्यानं भागवतला अडवायला मत दिलं, त्यानंच भागवतला खुर्चीवर बसवलं होतं. तो गिरणीवर सुन्न बसला होता, तेवढ्यात खुद्द भागवत पायऱ्या चढून आला. कपाळाला गुलाल, हातात पेढ्यांचा पुडा. तोही आता सत्तरीचा. पायऱ्या चढून धाप लागली होती.

"घे जानराव. तीस वर्षं झाले, आता तरी तोंड गोड कर."

जानरावनं हात पुढे केला नाही. "ग्यानबानं कसं काय तुले धरलं? कालपर्यंत तर एकमेकाच्या जिवावर उठले होते."

भागवत पोत्यावर टेकला. बडेजाव करावा असा त्याचा सूर नव्हता. जुन्या गड्याला हिशोबाची गोष्ट सांगावी, तसा तो बोलला. "कालचं नाई हे. अर्ज भराच्या आधीच ठरलं होतं. तुही सून उभी राह्यते हे कानावर आलं अन् आमाले दोघाईले समजलं, आता आपलं दुकान उठते. खरंच वेगवेगळं लढलो असतो तर ती हजार टक्के निवडून येत होती."

"मंग कमलीबाईले कायले उभं केलं?"

"त्याच्याचसाठी त." भागवत हसला. "कमलीले निवडून याचंच नव्हतं. गावात चाळीस-पन्नास लोक असे हायेत का माह्यं नाव पाह्यलं का त्यायच्या अंगाचा तिळपापड होते. ते कोनाले मत देतीन याचा नेम नाई, पन मले पाडाले सगळ्यात तगडा कोन, त्याले देतात. म्या ग्यानबाले म्हटलं, माह्यं नाव राहू दे मशीनवर. मतदानाच्या दिवशी हरिसिंगले पाठवू. कमलीबाई निघाली, निकिताच टक्कर देते, एवढंच सांगत फिर म्हटलं. भेवानं येतात मतं. आली बी. नाई म्हटलं तरी निकिताची वीस-पंचवीस मतं त्यातलीच असतीन."

जानराव त्याच्याकडे पाहतच राहिला.

भागवत उठला. पेढ्याचा पुडा त्यानं तराजूच्या पारड्यात ठेवला. "तुह्यी गोष्ट नाई करत मी. तू या बारीनं सुनेलेच देल्लं असन. घरचं मानूस व्हय शेवटी."

तो पायऱ्या उतरून गेला. तीस वर्षं ज्याचा त्यानं तिरस्कार केला, त्या माणसालासुद्धा वाटत होतं की जानराव इतका खाली जाणार नाही.

रांगेतलं दळण तसंच टाकून त्यानं गिरणी बंद केली आणि घरी आला. योगिनी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती, हरीओम बैलाला पाणी दाखवत होता, प्रयागबाई दारात होती. जानराव मधोमध उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज इतका बारीक निघाला की हरीओमला विचारावं लागलं, "काय म्हनता बाबा?"

"ते मत माह्यं होतं."

"कोनतं मत?"

"पतंगाचं. गंगूचं नाई. म्या दाबलं पतंगाचं बटन. हरिसिंग म्हणे, कमलीबाई निघाली. मले वाटलं, भागवत..."

प्रयागबाईच्या तोंडावर पदर गेला. हरीओमच्या हातातली बादली कलंडली आणि पाणी अंगणभर पसरलं. कुणी उचलली नाही. योगिनीच्या हातातली शेंग तशीच अर्धी सोललेली. ती सासऱ्याकडे पाहत होती. राग नव्हता तिच्या तोंडावर. आपल्याच घरातला माणूस ओळखू येऊ नये, तसं काहीतरी होतं.

"मी बाराशे लोकाच्या दारी गेली," ती सावकाश म्हणाली. "पाया पडली, हात जोडले. एकेकाले इचारलं, काका देसान ना, मावशी देसान ना. फक्त घरात नाई इचारलं."

तिनं सूप खाली ठेवलं आणि आत गेली. दार लावून घेतलं नाही, आपटलं नाही. जानरावला ते आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वस्तीत निघाला तेव्हा प्रयागबाई न बोलता मागून आली. गंगू दारात बसून तांदूळ निवडत होती. दोघांना पाहून ती उठली नाही. जानरावनं हात जोडले आणि जसं घरी सांगितलं तसंच सांगितलं, काही न लपवता. प्रयागबाई म्हणाली, "गंगूबाई, माह्या तोंडाले कीड पडो. म्या चार जनीत तुमाले बोलली." तीस वर्षांत तिनं पहिल्यांदा गंगूला 'बाई' म्हटलं होतं.

गंगू तांदळातले खडे वेचत राहिली. शेजारच्या दोघी-तिघी बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुमी बोलल्या त्याचं एवढं नाई वो," गंगू म्हणाली. "पन माह्या लेकीनं मले इचारलं, आई, खरं सांग, चुकून तर नाई दाबलं? तिनं इचारलं अन् मंग मले बी वाटाले लागलं. छत्री मधात होती का खाली होती? चष्मा नव्हता. पंधरा दिवस मी तेच आठवून राह्यली. माह्यंच मत मले खरं वाटेनासं झालं." तिनं जानरावकडे पाहिलं. "तुमी तिथंच उभे होते ना भाऊ, सूप धरून? तुमाले तर सारं ठाऊक होतं."

जानरावला मान वर करता आली नाही.

त्यानं नंतर गिरणीवर रांगेतल्या प्रत्येकाला स्वतःहून सांगितलं, मत माझं होतं, गंगूचं नाही. काहींना खोटं वाटलं, काही हसले, एक-दोघांनी नजर चुकवली. त्या चाळीस-पन्नासांतले आणखी कोण होते, हे त्याला त्या चुकवलेल्या नजरांवरून कळलं. पण त्यानं कुणाला विचारलं नाही.

गंगू महिनाभरानं बचत गटात परत आली. योगिनीच तिला आणायला गेली होती. योगिनीचं काम थांबलं नाही. तिच्या बाजूचे दोन सदस्य आणि वीस-पंचवीस बायका ग्रामसभेला येतात, प्रश्न विचारतात. भागवत आणि ग्यानबाला उत्तरं द्यावी लागतात. जानरावही जातो. मागे, भिंतीला टेकून बसतो आणि तोंड उघडत नाही.

घरात योगिनी त्याला वेळेवर चहा देते, गोळ्या देते, थंडीत अंगावर घोंगडी टाकते. त्या मताबद्दल ती पुन्हा एक शब्दही बोललेली नाही. कधी कधी ती चहाचा कप ठेवून वळते तेव्हा जानरावला वाटतं, आता ही काहीतरी बोलेल, भांडेल, मनातलं सगळं ओकून टाकेल. तो कप हातात धरून वाट पाहतो. ती स्वयंपाकघरात गेलेली असते.